दात कुणाचा, आणि कधीचा?

बकरी ईद जवळ आली की आपल्या घरांतली लहान मुलेसुद्धा दात वाचायला शिकतात. बकरा पसंत करताना घरातला जाणता माणूस एका हाताने जबडा धरतो, खालचा ओठ ओढतो आणि पुढचे दात बघतो. सगळे बारीक दुधाचे दात असतील तर जनावर अदंत. मधली जोडी मोठी, रुंद आली असेल तर दोनदाती. मग चारदाती, सहादाती आणि आठही दात बदलले की ‘जुळलेला’. विकणारा काहीही सांगो, एक वर्ष पूर्ण झाले की नाही याचा पुरावा म्हणून आपण दाताकडे बघतो. वरच्या जबड्यात पुढे दातच नाहीत, हे पाहून दरवर्षी एखादे मूल घाबरते आणि बकरा म्हातारा आहे असे म्हणते. बकरी, मेंढी, गाय, म्हैस, हरीण या सगळ्यांच्या वरच्या जबड्यात पुढे दात नसतात, तिथे कडक हिरडी असते.

वर्गात प्राण्यांचे दात शिकवताना आम्ही सुरुवात इथूनच करतो, कारण पुस्तकातल्या आकृतीपेक्षा हे ज्ञान मुलांच्या हातातले असते. लाखो वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा दात ओळखणारा शास्त्रज्ञही मुळात तेच करतो जे ईदच्या बाजारात आपले अब्बा करतात. तो आकार बघतो, झीज बघतो आणि आधी पाहिलेल्या दातांशी ताडून बघतो. फरक इतकाच की त्याच्यासमोर उभे जनावर नसते. पुष्कळदा जबडाही नसतो. एकच सुटा दात असतो.

असाच एक सुटा दात आमच्या आंबिवलीच्या शाळेत आला. सातवीतल्या एका मुलाला तो बांधकामावरच्या रेतीच्या ढिगात सापडला होता. कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना शहाडनंतर आंबिवली येते, आणि आता या पट्ट्यात जिकडे पाहावे तिकडे इमारती उभ्या राहात आहेत. मुलाचे वडील सेंट्रिंगचे काम करतात. त्यांना जेवणाचा डबा द्यायला गेला असताना चाळणीवर हा काळा, जड, बोटाच्या दोन पेरांएवढा दात अडकलेला त्याने पाहिला. शाळेत येईपर्यंत त्याचा फोटो मामाच्या मोबाइलवरून दहा ठिकाणी फिरला होता, आणि कुणीतरी ‘डायनोसॉरचा दात, पाच हजार देतो’ असे कळवलेही होते. पाच हजार म्हणजे त्या घरात दोन मुलांची वर्षाची वह्या-पुस्तके. तेव्हा हा निव्वळ विज्ञानाचा तास नव्हता.

डायनोसॉरची शक्यता पहिल्या पाच मिनिटांत निकालात निघाली. सरपटणाऱ्या प्राण्यांचे दात साधारणपणे साधे असतात. एक टोक, एकच मूळ, सुळ्यासारखे किंवा पानासारखे. मगरीला जन्मभर नवे दात येत राहतात, तसेच डायनोसॉरलाही येत. त्यामुळे प्रत्येक दात नेमका बसवलेला असण्याची गरज नव्हती. सस्तन प्राण्यांचे तसे नाही. दुधाचे दात पडले की दुसरे येतात आणि तेच शेवटपर्यंत पुरवायचे असतात. म्हणून वरची दाढ खालच्या दाढेत किल्लीसारखी बसते, चावण्याच्या बाजूवर उंचवटे, खाचा, वळणे असतात, आणि दाढेला एकापेक्षा जास्त मुळे असतात. आमच्या समोरच्या दाताला चावण्याची सपाट बाजू होती. तिच्यावर इनॅमलच्या रेषांनी काढलेल्या चंद्रकोरी स्पष्ट दिसत होत्या. ही दाढ होती आणि ती सस्तन प्राण्याचीच होती.

या चंद्रकोरी म्हणजे रवंथ करणाऱ्या प्राण्यांची सही. डुकराच्या दाढेवर गोल टेंगळे असतात. पाणघोड्याची दाढ झिजली की तिच्यावर तीन पाकळ्यांसारखी नक्षी उमटते. घोड्याची दाढ उंच आणि चौकोनी असते, इनॅमलची घडी मात्र इतकी गुंतागुंतीची की कुणी बारीक भरतकाम केल्यासारखी दिसते. हत्तीचे प्रकरणच वेगळे. त्याच्या दाढेत इनॅमलच्या चपट्या पट्ट्या पावाच्या कापांसारख्या एकामागे एक उभ्या असतात. हत्तीला जबड्याच्या प्रत्येक बाजूला आयुष्यभरात सहा दाढा येतात, पण एकदम नव्हे. मागची दाढ पुढे सरकत येते आणि पुढची झिजून तुकड्यातुकड्यांनी गळते. शेवटची दाढ झिजली की हत्तीला चावता येत नाही.

ताडून बघायला नमुना हवा. आमच्याकडे संग्रहालय नाही, पण मुंडी-पाया विकणारे शेजारी आहेत. त्यांच्याकडून म्हशीचा खालचा जबडा आणला, उकळून साफ केला आणि दोन्ही दाढा शेजारी ठेवल्या. जबड्यातली सर्वांत मागची दाढ इतरांपेक्षा लांब असते. तिला दोनऐवजी तीन खांब असतात. मुलाच्या दाताला तीन खांब होते. गाय-म्हशीच्या दाढेत दोन खांबांच्या खोबणीत एक बारीकसा जास्तीचा खांब चिकटलेला असतो. तोही होता. म्हणजे खालच्या जबड्यातली शेवटची दाढ, जनावर गाय-बैल किंवा म्हैस यांच्या कुळातले, वयाने पुरते वाढलेले. (आता शाळेच्या कपाटात बकरी, मेंढी आणि म्हैस असे तीन जबडे नावाच्या चिठ्ठ्या लावून ठेवले आहेत. डुकराच्या जबड्याचे मात्र चित्रावर भागवतो.)

मुलाचा चेहरा पडला. मग त्याने विचारलेला प्रश्न आम्हांला जास्त आवडला. तो म्हणाला, “सर, म्हशीचा असू दे. पण कधीच्या म्हशीचा?”

ओळख पटवणे म्हणजे दोन प्रश्नांची उत्तरे देणे असते, हे बहुतेक मोठ्या माणसांच्याही लक्षात येत नाही. दात कुणाचा, हे दात स्वतः सांगतो. दात कधीचा, हे तो ज्या मातीत सापडला ती माती सांगते. रंगावर जाऊ नये. काळ्या चिखलात पडलेले हाड थोड्या वर्षांतही काळे पडते, आणि लाखो वर्षांचे हाड पिवळट पांढरेही असू शकते. वजनावरून थोडा अंदाज येतो, कारण हाडाच्या छिद्रांत खनिजे भरत गेली की ते जड होते. एक जुनी चाचणी आहे. सुई लालबुंद तापवून दाताच्या मुळाला टेकवायची. ताज्या हाडात प्रथिने शिल्लक असतात, म्हणून जळक्या केसांसारखा वास येतो. ही चाचणी मोठ्या माणसाने करावी आणि मुळाच्या अगदी कोपऱ्यात करावी. आम्ही केली, वास आला नाही. म्हणजे काल-परवाचा दात नव्हे. पण तीनशे वर्षांचा की तीस हजार वर्षांचा, हे सुई सांगू शकत नाही.

म्हणून रेती कुठली, याचा शोध घेतला. मुकादमाने सांगितले की त्या ढिगात दोन गाड्या रिकाम्या झाल्या होत्या, एक खाडीच्या रेतीची आणि एक नाशिककडून आलेली. तिथेच सगळा घोळ झाला. खाडीची रेती असेल तर आजूबाजूच्या गावांतल्या कुठल्या तरी जनावराचा दात पुरात वाहून आला, असे म्हणता येते. पण नाशिककडची, म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यातली असेल तर गोष्ट बदलते. गोदावरीच्या जुन्या गाळात निफाड तालुक्यातल्या नांदूर मधमेश्वर इथे नामशेष झालेल्या प्रचंड हत्तीचे अवशेष मिळाले होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले गाय पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये त्यांवर लेख लिहिला. आज ते गाव पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. तो हत्ती नर्मदेच्या खोऱ्यातही होता, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याच्या नावात ‘नमाडिकस’ घातले. त्याच नर्मदा-गोदावरीच्या गाळात मोठ्या शिंगांच्या रानटी बैलाचेही अवशेष मिळतात, त्याचे नाव बॉस नमाडिकस. मुलाची दाढ त्या बैलाची असू शकेल काय? असू शकेल. एखाद्या शेतकऱ्याच्या म्हशीची? तीही असू शकेल. दोन गाड्यांची रेती एका ढिगात मिसळली त्या क्षणी हे उत्तर कायमचे गेले. जगातल्या कुठल्याही तज्ज्ञाला आता ढिगाकडे पाहून ते परत आणता येणार नाही.

याच्या उलट जिथे जागा नीट नोंदवली गेली, तिथे तांदळाच्या दाण्याएवढ्या दातांनी केवढी कहाणी सांगितली आहे! आणि ती कहाणी आपल्या पायाखालच्या दगडाचीच आहे.

आमच्या आंबिवलीत थोडे खणले की काळा पाषाण लागतो. पत्र्यांच्या चाळीपासून नव्या टॉवरपर्यंत सगळ्यांचा पाया त्याच्यावर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि एकावर एक थर साचत जवळजवळ सगळा महाराष्ट्र त्याने झाकला. लाव्हात दात-हाडे टिकत नाहीत, म्हणून आमच्या भागातल्या खडकात जीवाश्म शोधणे बहुतेक व्यर्थ. मात्र दोन उद्रेकांच्या मध्ये कधी कधी हजारो वर्षे शांत जात. त्या काळात थंड झालेल्या लाव्हावर तळी साचत, झाडे उगवत, प्राणी पाण्यावर येत. पुढचा लाव्हा आला की तळ्याचा गाळ खाली दाबला जाई. जाड भाकरींच्या चळतीत मध्येच एखादी पातळ पोळी असावी तसे हे गाळाचे थर आहेत. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशाच थरातून चिमुकल्या बेडकांचे सांगाडे निघाले आणि लंडनमध्ये रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले.

या थरांतले सस्तन प्राणी मात्र कुणाला दिसत नव्हते, कारण ते उंदरा-चिचुंद्रीएवढे होते आणि त्यांचे उरले होते ते फक्त दात. ते शोधण्याची रीत आपल्या आयाबहिणींना लगेच समजेल. गाळाची माती पोत्यांनी भरून आणायची, वाळवायची, पाण्यात भिजत घालायची. घट्ट माती सुटावी म्हणून रॉकेलचाही उपयोग करतात. मग बारीक जाळीच्या चाळण्यांतून ती धुवायची, उरलेला चुरा वाळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली दाणा दाणा निवडायचा. तांदूळ निवडताना आपण खडा शोधतो, इथे सगळे खडेच असतात आणि त्यातून एक दात शोधायचा असतो. पोतेभर मातीतून काहीच न मिळणे हे नेहमीचे.

अशाच निवडलेल्या मातीतून तेलंगणातल्या नसकल गावी मिळालेल्या सुट्या दाढांवरून गुंटुपल्ली प्रसाद आणि अशोक साहनी यांनी १९८८ मध्ये भारतातला क्रिटेशस काळातला पहिला सस्तन प्राणी जगापुढे मांडला. त्याला त्यांनी नाव दिले डेक्कनोलेस्टेस हिस्लोपी. दख्खनचे नाव त्यात आहे, आणि नागपूरचेही, कारण हिस्लोप म्हणजे नागपूरला राहून आजूबाजूच्या खडकांतले जीवाश्म गोळा करणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लोप. त्यांच्या नावाचे कॉलेज नागपुरात आजही आहे.

पण खरा कोड्यात टाकणारा दात पुढच्या वर्षी मिळाला. १९८९ मध्ये त्याच नसकलच्या मातीतून एक दात निघाला. उंच, नळीसारखा, कीटक खाणाऱ्या छोट्या प्राण्यांच्या टोकदार दाढेशी मुळीच न जुळणारा. भारतात त्याच्याशी ताडून बघायला दुसरा नमुना नव्हता. आमच्याकडे निदान मुंडीवाल्याचा जबडा होता! त्याची ओळख प्रसिद्ध व्हायला १९९७ साल उजाडले, आणि ती पटली ती हजारो मैलांवरच्या दातांवरून. मादागास्करमध्ये आणि अर्जेंटिनात तशाच उंच दाढा मिळाल्या होत्या. गोंडवनथेरियन नावाच्या एका नामशेष गटाच्या त्या होत्या. हे ‘गोंडवन’ म्हणजे आपल्याच मध्य भारतातल्या गोंडांची भूमी. दक्षिणेकडचे सगळे खंड कधी काळी एकत्र जोडलेले होते, त्या भूभागाला भूवैज्ञानिकांनी हेच नाव दिले. अर्जेंटिनातले दात सुरुवातीला स्लॉथ आणि आर्माडिलो यांच्या नातेवाइकांचे ठरवले गेले होते, मग दुसऱ्याच एका गटात घातले गेले. म्हणजे जाणकारांनाही एका दातावरून घराणे ठरवताना दोन-दोनदा विचार बदलावा लागला. असे मत बदलणे आम्हांला कमीपणाचे वाटत नाही. मुलांना तर आम्ही ते मुद्दाम सांगतो.

पुढे आणखी दात मिळत गेले. बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकला, धबधब्यासाठी आपण ओळखतो त्याच गोकाकला, अशा गाळाच्या थरात ते सापडले. मध्य प्रदेशातही सापडले. २००७ मध्ये एक गंमत झाली. दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वर्षी या प्राण्याला नाव दिले. प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘भारतथेरियम बोनापार्टी’ म्हटले, तर जेफ विल्सन यांच्या गटाने गोकाकच्या दातांवरून ‘दक्षिणा जेडेरी’. एकाच बाळाचे दोन ठिकाणी दोन अकिके व्हावेत तसे. शास्त्रात नियम साधा आहे, आधी छापलेले नाव चालते. त्यामुळे आज भारतथेरियम हे नाव रूढ आहे. त्यातला बोनापार्टी हा फ्रान्सचा सम्राट नव्हे बरे का! ते अर्जेंटिनाचे जीवाश्मशास्त्रज्ञ होझे बोनापार्ट.

हा सगळा प्राणी आठ सुट्या दातांवर उभा राहिला. कवटी नाही, पाय नाही, शेपूट नाही. आता कुणी विचारेल की त्याने खाल्ले काय हे तरी कळले का? इथे आपला चंद्रपूर जिल्हा कामाला येतो.

उंच दाढ ही झिजणाऱ्या अन्नाची खूण असते. गवतात वाळूसारखे सिलिकाचे बारीक कण असतात, ते दात घासतात. म्हणून घोडा, गाय, म्हैस यांच्या दाढा उंच असतात, झिजायला माल शिल्लक हवा. पण डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतेच, असे पुस्तकांत लिहिलेले होते. मग या चिमुकल्या प्राण्याला उंच दाढ कशाला? चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथल्या शेतांत डायनोसॉरच्या हाडांबरोबर त्यांची दगड झालेली विष्ठा मिळते. हे वाचून मुले नाक मुरडतात, मग सगळ्यांनाच तिचा एक तुकडा बघायचा असतो. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी ती विष्ठा तपासली, तेव्हा तिच्यात गवताचे सिलिकाचे कण निघाले. २००५ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि पुस्तके बदलावी लागली. गवत होते, आणि एका जातीचे नव्हे, अनेक जातींचे होते. २०११ मध्ये त्याच परिसरातल्या कणांवरून भाताच्या कुळातल्या गवताचाही माग लागला. त्या शास्त्रज्ञांनी लिहिले की गोंडवनथेरियनची उंच दाढ कदाचित याच गवतासाठी असावी. म्हणजे गोकाकच्या दाताचे कोडे सोडवायला पिसदुऱ्याच्या शेणाने मदत केली. हे जमले ते दोन्ही वस्तू कुठल्या गावातल्या, कुठल्या थरातल्या, हे लिहून ठेवले होते म्हणून.

२०१४ मध्ये मादागास्करहून याच गटातल्या एका प्राण्याची जवळजवळ पूर्ण कवटी जाहीर झाली, आणि २०२० मध्ये दुसऱ्याचा सांगाडा. तेव्हा कुठे त्या दातांमागचा चेहरा पहिल्यांदा दिसला. आपल्या भारतथेरियमचा चेहरा अजून मातीतच आहे.

अशा वस्तूंकडे कुतूहलाने पाहण्याची रीत आपल्याला परकी नाही, हेही इथे सांगितले पाहिजे. अल-बिरुनी यांनी हजार वर्षांपूर्वी ‘किताबुल हिंद’ मध्ये लिहिले की पर्वताजवळच्या नद्यांत मोठे गोल दगड असतात, दूर गेले की लहान, आणि समुद्राजवळ नुसती वाळू. त्यावरून हिंदुस्थानचे मैदान म्हणजे नद्यांच्या गाळाने भरलेला जुना समुद्र, असे अनुमान त्यांनी काढले. इब्न सिना यांनी ‘किताबुश्शिफा’ मध्ये प्राणी आणि वनस्पती दगड कशा होतात याची चर्चा केली. आणि फरिश्ता तर आपल्याच मुलखातला. लहानपणी तो अहमदनगरच्या निजामशाहीत आला आणि पुढे विजापूरला त्याने आपला इतिहास लिहिला. त्यात नोंद आहे की चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाच्या कालव्यासाठी टेकडी खोदताना हत्तींची आणि माणसांची म्हणून प्रचंड हाडे निघाली, त्यातली काही दगड झालेली आणि काही हाडासारखीच होती. ती शिवालिक टेकड्यांतल्या जीवाश्मांची असावीत, असे पुढे मानले गेले. माणसाच्या हाताचे म्हणून सांगितलेले तीन गजांचे हाड बहुधा एखाद्या मोठ्या जनावराचे होते. तरी ‘काही दगड, काही हाड’ हे त्याने टिपले. ढिगातला दात मामाला दाखवण्यापूर्वी कुणीतरी एवढे जरी टिपले असते तर!

कुणाच्या घरी मुतखड्यासाठी हकीमसाहेबांनी हजरुल यहूद दिलेले असेल, तर जीवाश्म तुमच्या कपाटात येऊन गेलेला आहे. बोराएवढा, उभ्या रेघांचा तो दगड अत्ताराकडे ‘बेर पत्थर’ म्हणूनही मिळतो. तो नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याचा, सी अर्चिनचा काटा असतो. आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या देवघरातला शाळिग्राम हाही असाच समुद्री जीवाचा ठसा. गुजरातेत बालासिनोरच्या बाबी घराण्यातल्या आलिया सुलताना बाबी यांनी तर रैयोलीच्या डायनोसॉर जागेच्या रक्षणासाठीच ओळख मिळवली आहे. गावातल्या एका म्हातारीकडे मसाला वाटायला वापरला जाणारा गोटा डायनोसॉरचे अंडे निघाला, हा किस्सा त्या मुलाखतींत सांगतात. एका मुस्लिम मुलीने राजवाड्यात बसून न राहता उन्हात उभे राहून लोकांना दगड समजावून सांगावेत, हे आमच्या मुलींना आम्ही आवर्जून सांगतो.

आता पाच हजारांचे काय झाले ते. मुलाच्या वडिलांना आम्ही स्पष्ट सांगितले की दात गाय-म्हशीच्या कुळातला आहे आणि डायनोसॉरचा म्हणून विकला तर तो धोका होईल. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “खोटं सांगून घेतलेल्या पैशाच्या वह्या पोराला काय शिकवणार?” दात मुलाकडेच आहे. त्या घरासाठी हा निर्णय सोपा नव्हता, हे आम्हांला ठाऊक आहे.

तुमच्या घरात कुणाला असा दात मिळाला तर आधी तो जिथे होता तिथेच त्याचा फोटो काढा. तो मातीत अर्धा गाडलेला असेल तर ओढून काढू नका, आजूबाजूला आणखी हाडे असू शकतात. अॅसिडने किंवा व्हिनेगरने धुऊ नका, कारण दात आणि हाड दोन्ही त्यात खराब होतात. मऊ ब्रश पुरतो. काडेपेटीत कापूस घालून तो ठेवा आणि सोबत कागदावर तारीख, गाव, नदीचा काठ की विहिरीची खोदाई, किती फुटांवर, वरची माती कसली, हे लिहा. रेतीच्या ढिगातला असेल तर गाडी कुठून आली ते त्याच दिवशी विचारा, आठवड्यानंतर मुकादमालाही आठवत नाही. दात टोकदार सुळा असेल, वाघ-बिबट्याचा वाटत असेल किंवा ताज्या हस्तिदंतासारखा दिसत असेल, तर विकण्याचा विचारही करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते बाळगणेसुद्धा गुन्हा ठरू शकते, तेव्हा सरळ वन खात्याला कळवा.

दाखवायचे कुणाला? पुण्याच्या डेक्कन कॉलेजात जुन्या प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास कित्येक दशके चालू आहे. नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मोठे कार्यालय आहे. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे. जवळच्या कॉलेजातले भूगर्भशास्त्राचे किंवा प्राणिशास्त्राचे प्राध्यापकही बहुधा आनंदाने बघतात. पत्रासोबत फोटो पाठवा, दाताशेजारी मोजपट्टी ठेवा आणि चारही बाजूंनी काढा. चावण्याची बाजू बरोबर वरून घ्यायला विसरू नका, कारण बघणारा आधी तीच मागतो.